मोज्यातल्या तीन बाटल्या

लसूण विस्तवावर चढला आणि सेकोंदो ओरडला नाही.

देल्फिनाच्या हातातली पळी हातातच राहिली. सान मार्तिनोच्या दिवशी, नव्या वाइनच्या सणाला, वाइनची चव घेऊन होईपर्यंत या घरात लसणाची पाकळीसुद्धा तापवायची नाही, हा तिच्या भावाचा कायदा होता. लसणाचा वास एकदा नाकात बसला की मग वाइनमधलं डोंबल कळणार, असं तो म्हणायचा. एका वर्षी शेजारच्या अंगणात कुणी कांदा परतला, तर हा हातातला ग्लास ठेवून भांडायला गेला होता. आणि आज खुद्द देल्फिनाच बोलण्याच्या नादात चुकली. मातीच्या भांड्यात तेल ओतलं, लसूण टाकला, खाली जाळ केला. सगळं स्वयंपाकघर घमघमलं. सेकोंदो आत आला, भांड्याच्या अगदी शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, बशा कुठल्या काढू? निळ्या का पांढऱ्या?”

“पांढऱ्या,” ती म्हणाली. तो पांढऱ्या बशा घेऊन निघून गेला.

तिनं झटकन भांडं उतरवलं, खिडकी सताड उघडली आणि भाचसुनेकडे वळली. निवेस टेबलाशी बसून सिमला मिरच्यांच्या फोडी करत होती. तिची सुरी थांबलेली होती.

“पाहिलंस?”

“पाहिलं.”

“सर्दी झाली असेल त्याला.”

“सर्दी नाही, आत्या.”

देल्फिना खुर्ची ओढून बसली. “तुला माहीत होतं.”

“एप्रिलपासून. बाबांना तो ताप येऊन गेला ना, तेव्हापासून. एकदा कॉफी करपून भांडं काळं पडलं. बाबा शेजारी बसून पेपर वाचत होते. मी वरच्या मजल्यावरून धावत आले आणि ते म्हणाले, काय गं, कशाला धावतेस?”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही मला या स्वयंपाकघरात मीठ तरी टाकू देता का? हे सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

एरवी या उत्तरावर आठवडाभर अबोला झाला असता. आज देल्फिना नुसती एप्रनचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तिला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. “लिव्हिओला माहीत आहे?”

“त्याला सांगितलं म्हणजे अख्ख्या टेकडीला सांगितलं. तुमच्या भाच्याच्या पोटात काही राहतं का?”

“नाही राहत,” देल्फिना म्हणाली. “अगं, पण उद्या पिंपं ठरायचीत.”

खरी गोष्ट तीच होती. सान मार्तिनोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सेकोंदो तळघरात उतरायचा, एकेका पिंपातला घोट तोंडात फिरवायचा आणि कुठली पिंपं एकत्र करून घराण्याच्या नावाची वाइन करायची ते सांगायचा. एक जरी पिंप चुकीचं पडलं तरी सगळ्या सालाची माती. त्याच्या बापानं हेच केलं होतं आणि त्याच्यानंतर सेकोंदोनं. दुसऱ्या कुणाला त्यात बोलायची सोय नव्हती. निवेस लग्न होऊन आली तेव्हा एकदा बिचारी हौसेनं तळघरात उतरली होती. त्यानं तिला जिन्यावरूनच परत पाठवलं. “व्हेर्चेल्लीच्या भातखाचरातली पोर तू. तुला पाण्याची चव कळत असेल. इथं एक नाक पुरे आहे.” हे वाक्य पुढे टेकडीवर सगळ्यांना पाठ झालं.

“बाबांना आज काही झालं तर तुम्ही मध्ये पडू नका,” निवेस हळूच म्हणाली. “मीही पडणार नाही. ते स्वतः सांगतील तेव्हा सांगतील.”

“आणि नाहीच सांगितलं तर?”

निवेसनं मिरचीच्या बिया पुसून टाकल्या.

*

सेकोंदो बाहेरच्या खोलीत ग्लास पुसत होता. आधीच पुसलेले ग्लास. काहीतरी हाताला हवं म्हणून.

त्यानं मनाशी एक ठरवून टाकलं होतं. आज तिन्ही बाटल्या बरोबर ओळखल्या तर उद्या तळघरात जायचं. एक जरी चुकली तर पोराला बोलावून खरं काय ते सांगायचं आणि मग कोपऱ्यात बसून शेंगदाणे सोलावेत तसे हेझलनट फोडत बसायचं. सात-आठ महिने तो गुपचूप सराव करत होता. नाक गेलं तर गेलं, जीभ होती. हिरड्या होत्या. नेब्बिओलो द्राक्षाची वाइन हिरड्यांना कशी आवळते, बार्बेरा जिभेच्या कडांना कशी झिणझिणते, दोल्चेत्तो शेवटी कशी कडवट होते, हे सगळं त्याला अजून कळत होतं. वास नसलेली वाइन म्हणजे आवाज बंद केलेला टीव्ही होता. पण तोंडं हलताना दिसत होती. तेवढ्यावर भागवायचं असं त्यानं ठरवलं होतं.

सकाळी मोजे चढवलेल्या तिन्ही बाटल्यांची बुचं नेहमीप्रमाणे त्यानंच काढली होती. प्रत्येक बूच नेहमीप्रमाणे नाकाशी धरलं होतं, मान डोलावली होती. कळलं काहीच नव्हतं. पण मान डोलावली होती.

“अरे ए म्हाताऱ्या, दार उघड! थंडीनं मेलो!”

हा बास्तियान. भिंतीपलीकडचा. ज्या भिंतीवरून दोन पिढ्यांचं भांडण झालं, तीच भिंत. हल्ली भांडण संपलं होतं पण सवय राहिली होती. बास्तियानचा नियम असा की सेकोंदोच्या वाइनला चांगलं म्हणायचं नाही. लिव्हिओच्या बारशाला नाही, लग्नाला नाही, सेकोंदोची बायको गेली त्या वर्षीही नाही. “पिण्यालायक आहे,” याच्यापुढे तो कधी गेला नव्हता. सेकोंदोही त्याला तेच परत करायचा.

त्याच्या मागून इर्मा आली, देवळामागच्या रेताड मळ्याची मालकीण. नवरा गेल्यावर मळा विकेल म्हणून सगळे टपून होते. तिनं कुणाला दाद दिली नाही. आल्या आल्या तिनं कोट लिव्हिओच्या अंगावर फेकला. “बारीक झालायस रे. बायको जेवायला घालत नाही का?”

“घालते. आत्या पुन्हा काढून घेते,” लिव्हिओ म्हणाला. आतून पळी आपटल्याचा आवाज आला.

सकाळीच दोघांनी आपापली बाटली पाठवून दिली होती, तिसरी घरच्या तळघरातली होती. लिव्हिओनं तीनही बाटल्यांना लोकरी मोजे चढवून, जागा बदलून टेबलावर मांडल्या होत्या. कोणती कुणाची ते आता त्यालाही सांगता आलं नसतं. ओळखायचं काम सेकोंदोचं. जो ओळखेल त्याला जेवणाच्या शेवटी लसूण-तेलाच्या भांड्यात फोडलेलं अंडं, अशी या घरची रीत. म्हणजे दर वर्षी अंडं सेकोंदोलाच मिळायचं.

देल्फिना आणि निवेस बाहेर येऊन बसल्या. खिडकी उघडी असल्यानं खोली गारठली होती. इर्मानं हवा हुंगली आणि भुवया वर केल्या. “देल्फिना, लसूण?”

“शेजारून येतोय,” देल्फिना म्हणाली.

“शेजारी मी राहतो,” बास्तियान म्हणाला.

“मग तूच सांग का येतोय ते!”

सेकोंदोनं पुसायचं फडकं खाली ठेवलं. लसूण. खोलीत लसूण होता. त्यानं पहिली बाटली उचलली आणि ग्लासात ओतली.

पहिली सोपी निघाली. रंग फिका, हिरड्यांवर नुसती मऊ पकड, घोट गिळल्यावर लगेच तोंड मोकळं. रेतीतली वेल. “इर्मा,” तो म्हणाला. “गेल्याच्या आधीच्या सालची.”

इर्मानं मोजा काढला. तिचीच. टाळ्या झाल्या. सेकोंदोला एकदम बरं वाटलं. जमतंय की! त्यानं ब्रेडस्टिकचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि दुसरी बाटली ओतली.

*

दुसरी ओतली आणि लिव्हिओनं ग्लास नाकाशी नेला.

लिव्हिओला नाक नाही असं घरात सगळे म्हणत. ट्रॅक्टर चालवावा, छाटणी करावी, वाइनबद्दल बोलू नये. पण यासाठी नाक लागत नव्हतं. ग्लासातून ओल्या पुठ्ठ्याचा, पाणी शिरलेल्या तळघराचा वास भपकन आला. बुचाला बुरशी. बाटली गेली होती. हे कळायला मळ्यात जन्मावं लागत नाही, तोंडाला कुणीतरी ओलं फडकं बांधल्यासारखं होतं.

तो तोंड उघडणार तेवढ्यात वडिलांनी घोट घेतला. डोळे मिटले. गालात फिरवला, गिळला, थांबले. मग त्यांचा चेहरा खुलला.

“ही आपली,” ते म्हणाले. “वरच्या तुकड्यातली. पकड बघा कशी आहे! अजून वीस वर्षं जाईल. लिव्हिओ, ही तुझ्या लग्नाच्या सालची. किती सुरेख उतरलीय!”

लिव्हिओनं बायकोकडे पाहिलं. निवेस ताटलीकडे बघत होती. त्यानं आत्याकडे पाहिलं. आत्यानं त्याच्या पायावर पाय दिला, टाचेनं, जोरात. आणि त्याला सगळं एकदम कळलं. बाबा हल्ली शेणखताच्या ढिगाजवळ बसून डबा का खातात, ते कळलं. त्याला आपलीच लाज वाटली. रोज शेजारी बसून जेवणारा माणूस, आणि आपल्याला पत्ता नाही.

“छान आहे,” देल्फिनानं घोट घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाइनमुळे आलं असावं असं दिसावं म्हणून ती खोकली.

“हो, छान,” इर्मा म्हणाली. तिनं बास्तियानकडे पाहिलं. आता सगळं त्याच्यावर होतं. हा माणूस एका शब्दानं सगळं मोडू शकत होता आणि एरवी त्यानं मोडलंच असतं. अशी संधी तो आयुष्यभर शोधत होता.

बास्तियाननं ग्लास उचलला. वास घेतला. त्याच्या मिशा हलल्या. त्यानं एका दमात अर्धा ग्लास पोटात टाकला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, “सेकोंदो, अप्रतिम. खरंच. अजून ओत बघू.”

सेकोंदो ओतायला लागला. अर्ध्यात थांबला.

“काय म्हणालास?”

“अप्रतिम म्हणालो.”

“पुन्हा म्हण.”

“अप्रतिम! किती वेळा म्हणू? उत्कृष्ट! तुझ्या बापालासुद्धा अशी जमली नव्हती!”

सेकोंदोनं बाटली खाली ठेवली. हळूच, मोजा नीट बसवत. मग त्यानं एकेकाचं तोंड पाहिलं. बहिणीचं, मुलाचं, इर्माचं. सगळ्यांत शेवटी बास्तियानचं, जो छताकडे पाहत होता.

“हा माणूस माझ्या वाइनला चांगली म्हणाला,” सेकोंदो म्हणाला, “म्हणजे तिच्यात नक्की काहीतरी मेलंय.”

कुणी हसलं नाही. त्यालाही ते हसण्यासारखं वाटत नव्हतं. त्यानं ग्लास उचलला आणि टेबलाच्या त्या टोकाला सरकवला, जिथे निवेस बसली होती.

“तू सांग.”

*

निवेसनं ग्लासाला हात लावला नाही. तिला एवढ्या लांबूनही कळत होतं. इतकी वर्षं या माणसानं तिला काही विचारलं नव्हतं. आज विचारलं, तर उत्तर असं होतं. खोटं बोलावं, सगळे बोललेच आहेत, अजून एकीनं काय बिघडतं? मग उद्या सकाळी ते खाली उतरतील, पिंपं निवडतील आणि कुणी काही बोलणार नाही. सगळे प्रेमानं गप्प बसतील आणि वाइन वाया जाईल. आणि त्यांना कधीतरी कळेलच. तेव्हा सावरून घ्यायला बास्तियान शेजारी नसेल.

“बाबा, बुचाला बुरशी आहे,” ती म्हणाली. “बाटली गेलीय.”

“निवेस!” देल्फिना म्हणाली.

“थांब ताई. किती गेलीय?”

“पूर्ण. ओला पुठ्ठा. दुसरं काहीच नाही.”

सेकोंदोनं मान हलवली. मग दोन्ही तळहात टेबलावर पसरून ठेवले, जणू टेबल उडून जाणार होतं. “एप्रिलपासून मला वास येत नाही,” तो म्हणाला. “कशाचाच नाही. लसूण नाही, शेण नाही, माझ्या बायकोच्या शालीचा नाही. ती कपाटात ठेवलीय. रोज उघडून बघतो. झालं, सांगितलं.”

लिव्हिओ उठून वडिलांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. काय करावं न सुचून त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सेकोंदोनं तो झटकला नाही.

“म्हणजे मी ते गटाराचं पाणी फुकटच प्यायलो?” बास्तियान म्हणाला. “आणि वर स्तुती केली? अरे देवा! ती आता परत घेता येते का?”

“नाही येत,” इर्मा म्हणाली. “आम्ही सगळ्यांनी ऐकलीय.”

“माझ्या थडग्यावर कोरा म्हणावं,” सेकोंदो म्हणाला, आणि आता मात्र तो हसला. त्याच्या मागोमाग सगळे. देल्फिना हसता हसता रडली आणि तिनं एप्रननं नाक पुसलं. बास्तियाननं खिडकीतून ग्लास रिकामा केला, पाण्यानं दोनदा चूळ भरली.

दुसरीचा मोजा कुणी काढला नव्हता. तिसरी बाटली तशीच उभी होती.

“ठेवू का आत?” लिव्हिओनं विचारलं.

सेकोंदोनं बाटलीकडे पाहिलं. “कशाला? अजून ओळखायची राहिलीय.” त्यानं स्वतःला थोडी ओतली, निवेसला थोडी. “इकडे ये. इथे बस, माझ्या उजव्या हाताला. बास्तियान, ऊठ तिथून. हं. आता बोल. जे येईल ते बोल. पुस्तकी बोलू नकोस.”

“आधी काही येत नाही.”

“घाई करू नकोस. ग्लास फिरव. ही बया उशिरा उठते.”

निवेसनं ग्लास फिरवला. पुन्हा वास घेतला. “गुलाब. पण ताजा नाही, वाळलेला. आत्या कपड्यांत ठेवतात तसला.”

“बरं.”

“सुकवलेली चेरी. मग बडीशेप, थोडीशी. आणि...” ती थांबली. “हसाल तुम्ही.”

“हसलो तर हसलो.”

“पुदिना. घरचा नाही. ओढ्याकाठी उगवतो तो, रानटी.”

सेकोंदोचे डोळे मिटलेले होते. त्यानं घोट घेतला, गालातून फिरवला. आणि मग, त्यालाच नवल वाटावं असं, तिचे शब्द घोटाला येऊन चिकटायला लागले. गुलाब जिथे असायचा तिथे बसला. पुदिना घशाच्या मागे, त्याच्या नेहमीच्या जागी. वास नव्हताच. पण आठवण होती, आणि आठवणीला आता दिशा होती.

“नक्की पुदिना?”

“नक्की.”

“ओढा फक्त बास्तियानच्या खालच्या तुकड्याला लागून आहे. आणि हा गाढव दर वर्षी सांगतो की त्याच्या वाइनला पुदिन्याचा वास लागत नाही.”

“नाहीच लागत!” बास्तियान म्हणाला.

“तोंड अजून आवळतंय, पण आंबटपणा उतरलाय. गारा पडल्या त्या सालची आहे. अर्धं पीक गेलं तुझं, उरलं ते असं झालं.”

इर्मानं मोजा ओढून काढला. बास्तियानचीच. साल तेच.

मग सेकोंदोनं ग्लास वर केला आणि बास्तियानकडे बघत सावकाश म्हणाला, “पिण्यालायक आहे.”

“आभारी आहे,” बास्तियान म्हणाला. त्यानं रिकामा ग्लास पुढे केला.

*

मग मात्र देल्फिनानं कुणाचं ऐकलं नाही. भांडं पुन्हा जाळावर चढलं, खारवलेले अँचोव्ही मासे तेलात विरघळले, आणि ते उकळतं भांडं टेबलाच्या मधोमध दिव्यावर येऊन बसलं. सिमला मिरच्या, कोबीची पानं, भाजलेलं बीट, कार्दो भाजीचे पांढरे देठ. ज्यानं त्यानं काट्याला टोचून बुडवायचं, खाली ब्रेड धरून तोंडापर्यंत आणायचं. बार्बेराची मोठी बाटली फिरू लागली. तिला मोजा नव्हता आणि तिच्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं, नुसते पीत होते. इर्मानं आपल्या गेलेल्या नवऱ्याची नक्कल केली. लिव्हिओनं ब्रेडचा तुकडा भांड्यात हरवला म्हणून त्याला दंडाचा ग्लास झाला. बास्तियाननं भिंतीचा विषय काढला आणि सगळ्यांनी त्याला ओरडून गप्प केलं.

सेकोंदो हळूहळू खात होता. मीठ लागत होतं, ऊन तेल लागत होतं, बिटाचा गोडवा लागत होता. त्यानं निवेसकडे न बघताच म्हटलं, “उद्या सकाळी जाड स्वेटर घाल. खाली गारठा असतो.”

“किती वाजता?”

“मी हाक मारीन.”

देल्फिनानं हे ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. भांड्याच्या तळाशी थोडं तेल उरलं तेव्हा तिनं त्यात अंडं फोडलं, पळीनं घोळवलं आणि नेहमीच्या सवयीनं भावाच्या बशीत वाढायला गेली. सेकोंदोनं बशी बाजूला ओढली, सुरी घेतली आणि पळीतल्या पळीतच अंड्याचे दोन भाग केले. एक स्वतःकडे घेतला, एक निवेसच्या बशीत टाकला.

“नाक तिचं आहे,” तो म्हणाला. “तोंड माझं. अर्धं अर्धं.”

दोघांनी खाल्लं. देल्फिना कमरेवर हात ठेवून उभी होती. “कसं झालंय?”

“उत्तम,” इर्मा म्हणाली. तिनं अंडं चाखलंही नव्हतं.

निवेसनं घास गिळला. तिनं आत्याकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. “लसूण किंचित करपलाय, आत्या.”

लिव्हिओनं डोळे मिटून घेतले. आत्याच्या स्वयंपाकाबद्दल असं या घरात कुणी बोललं नव्हतं. देल्फिनानं भांडं उचललं, नाकाशी धरलं, बराच वेळ हुंगलं. पहिल्या जाळाचा लसूण. खिडकी उघडायच्या गडबडीत गरम तेलातच राहिलेला.

“करपलाय,” ती म्हणाली. “खरंच करपलाय गं.” आणि तिनं भांड्याच्या कडेचं खरवडून काढलं ते सगळं निवेसच्या बशीत वाढलं.

सेकोंदोनं आपली अर्धी बशी ब्रेडनं स्वच्छ पुसली आणि तो तुकडा तोंडात टाकला.

“काय सांगता!” तो म्हणाला. “मला तर फर्स्ट क्लास लागलं.”